बंपर चिकटवायच्या आधी त्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचा

‘१० रुपयांत बंपर नवा, गॅरेजवाल्यांची लूट बंद’ असा एक व्हिडिओ सध्या फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आत्याने टाकला, आणि आतोबांनी त्याच संध्याकाळी कापूस, खाण्याचा सोडा आणि फेविक्विकच्या पुड्यांची माळ आणून ठेवली. पार्किंगच्या खांबाला घासून त्यांच्या गाडीचा मागचा बंपर कोपऱ्यात वीतभर फाटलाय. त्यांना फोनवर सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण ऑफिसातूनही तोच व्हिडिओ आला आणि प्रत्येकाला वेगळं समजावत बसायचा मला आता कंटाळा आलाय.

व्हिडिओतला दावा थोडक्यात असा: भेगेत कापूस ठासा, त्यावर फेविक्विक सोडा, वरून सोडा भुरभुरवा, दोन सेकंदांत दगड होतो आणि जोड ‘कंपनीच्या बंपरपेक्षा मजबूत’. पोचा आलाय तर उकळतं पाणी ओता. मागून सोल्डरिंगने डाग द्या. मग स्प्रे मारा, कुणाला कळणार नाही. आणि इन्शुरन्सवाले बंपरचे पैसे देतच नाहीत, तेव्हा तिकडे फिरकूही नका.

आधी ‘मजबूत’चं बघू, कारण सगळी इमारत त्यावर उभी आहे. टॉर्च घेऊन बंपरच्या आतल्या बाजूला बघा. बहुतेक गाड्यांमध्ये कुठेतरी दोन कोनी कंसांच्या मध्ये इंग्रजी अक्षरांत ‘पीपी+ईपीडीएम-टीडी२०’ अशासारखं काहीतरी ओतलेलं सापडेल. प्लॅस्टिकच्या भागांवर असा शिक्का कसा असावा, याचं आयएसओ ११४६९ हे प्रमाणच आहे. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, ईपीडीएम हे त्यात मिसळलेलं रबर, टीडी२० म्हणजे २० टक्के टाल्कची पूड. आता पॉलिप्रॉपिलिन हे असं प्लॅस्टिक आहे की त्याला जवळपास काहीच धड चिकटत नाही. फेविक्विकच्या जातीचे सगळे गोंद सायनोअ‍ॅक्रिलेटचे. हे गोंद बाटलीत विकतात तेव्हा ती बाटली बहुधा पॉलिथिनची असते, म्हणजे पॉलिप्रॉपिलिनच्या सख्ख्या भावाची. ओलावा मिळत नाही म्हणून गोंद आत पातळ राहतो, आणि बाटलीला चिकटतही नाही.

एवढ्यावर विश्वास बसत नसेल तर लॉकटाइटकडे बघा. सायनोअ‍ॅक्रिलेट विकणाऱ्यांतलं हे जगातलं मोठं नाव. पॉलिप्रॉपिलिनसारख्या प्लॅस्टिकवर आपला गोंद धरावा म्हणून ते ७७० नावाचं वेगळं प्रायमर विकतात. आधी प्रायमर, मग गोंद. नुसत्या गोंदाने काम भागत असतं तर त्यांनी ही दुसरी बाटली कशाला काढली असती? गोंद बनवणाऱ्याला जे जमत नाही ते व्हिडिओवाल्याला कापूस घालून जमलं, असं आपण मानायचं का?

मग व्हिडिओत जोड टिकलेला दिसतो तो कसा? नीट बघा, त्याच्या हातात बंपर नाहीच. जाळीचा एक काळा कडक तुकडा आहे. गाडीची ग्रिल, आरशाचं कव्हर, स्कूटरचे पॅनल हे बरेचदा एबीएस नावाच्या दुसऱ्या, कडक प्लॅस्टिकचे असतात, आणि एबीएसला हा गोंद खरंच धरतो. तेव्हा नाइलाजाने का होईना, कबूल करतो: स्कूटरच्या पॅनलची बारीक चीर असेल, पाठीवर एबीएस लिहिलेलं असेल, तर फेविक्विक आणि सोड्याची युक्ती कामचलाऊ आहे. सोडा अल्कली असल्यामुळे गोंद झटकन कडक होतो, हेही खरं. पण त्यावरून ‘बंपर नवा’ म्हणणं ही शुद्ध फसवणूक.

शिवाय दगडासारखं कडक होणं हा इथे गुणच नाही. बंपरच्या प्लॅस्टिकमध्ये रबर मिसळतात ते त्याने वाकावं म्हणून. मधोमध कडक गाठ बसवली की पुढच्या धक्क्याला बाकीचा बंपर वाकतो, गाठ वाकत नाही आणि तिच्या कडेने नवी चीर जाते. ‘अ‍ॅम्बॅसिडरचा बंपर बघ, पोलाद होतं’ हे आतोबांचं ठेवणीतलं वाक्य. होतं ना. ते आधी समोरच्या माणसाच्या नडगीवर आदळायचं. पादचाऱ्याच्या पायाला आणि डोक्याला किती मार बसतो हे तपासणारं एआयएस-१०० नावाचं प्रमाण आता आपल्याकडेही आहे, आणि बंपरची बाहेरची कातडी मऊ असण्यामागे तोही विचार आहे. मोठ्या धडकेचा भार घ्यायला आत आडवा दांडा असतो, काही गाड्यांत फोमही. आपला धक्का जोराचा असेल तर आधी तो दांडा वाकलाय का ते बघायचं. कातडीच्या चिरेचं नंतर.

आता कापूस. माझं डोकं खरं फिरलं ते इथे. सायनोअ‍ॅक्रिलेट ओलाव्याने कडक होतं आणि कडक होताना उष्णता सोडतं. काचेवरच्या एका थेंबाला हे जाणवतही नाही. कापसाच्या तंतूंवर मात्र गोंद पसरायला प्रचंड जागा मिळते, ओलावाही मिळतो, आणि सगळी उष्णता एकदम बाहेर पडते. धूर निघतो, बोट भाजेल एवढा चटका बसतो. व्हिडिओत तो पांढरा धूर दिसतोच, आणि हा गृहस्थ अभिमानाने सांगतो, ‘बघा, वेल्डिंग होतंय.’ अहो, ती वाफ डोळ्यांना आणि नाकाला झोंबते, दम्याच्या माणसाला त्रास देते. वीतभर चिरेसाठी कापसाचा बोळा आणि पाच-सहा पुड्या एकदम म्हणजे काय होईल, विचार करा. अंगात सुती शर्ट किंवा हातात सुती मोजे असतील आणि त्यावर गोंद सांडला, तर तो कपडा जिथे अंगाला लागलाय तिथे भाजतं. अशा भाजण्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत, त्यांत लहान मुलंही आहेत. आणि व्हिडिओत चिमटा धरायला सोबत मुलगा बसवलाय, सात-आठ वर्षांचा!

हे करून बसलाच असाल तर: बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात भिजत ठेवा आणि हळूहळू सोलल्यासारखी सोडवा. कपड्यावर सांडून चटका बसला तर त्या जागी गार पाणी ओता, कातडीला चिकटलेला कपडा ओरबाडून काढू नका. डोळ्यात गेलं तर डोळा जबरदस्तीने उघडायचा नाही, अ‍ॅसिटोन तर जवळही न्यायचं नाही. सरळ डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा.

उकळत्या पाण्याचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. पीपी साधारण १६० अंशांच्या पुढे वितळतं, पण १०० अंशांच्या पाण्याने ते नरम पडतं, आणि आतून दाबलं की पोचा बाहेर येतो. रंग तडकलेला असेल तर तो तसाच राहतो. चिरेवर मात्र पाणी कितीही ओता, चीर बुजत नाही.

सोल्डरिंगचा डाग ही त्यातल्या त्यात खरी पद्धत, फक्त व्हिडिओत ती अर्धवट सांगितलीय. नुसतं वरवर भाजून काळं करून उपयोग नाही. बंपर आतून साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. चीर जिथे संपते त्या टोकाला छोटं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. आतल्या बाजूने चिरेला इंग्रजी व्हीसारखी खाच करा आणि त्याच जातीचं प्लॅस्टिक, म्हणजे पीपीचा रॉड किंवा जुन्या पीपी बंपरची कापलेली पट्टी, वितळवून खाचेत भरा. दोन्ही कडा त्यात वितळून एक व्हायला हव्यात. आधाराला गरम करून बसवायच्या स्टीलच्या स्टेपल मिळतात, त्या आडव्या टाका. धूर यायला लागला म्हणजे प्लॅस्टिक जळतंय, हात आवरा. काम उघड्यावर करा आणि आधी एखाद्या भंगार तुकड्यावर हात बसवा. मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांची दुकानं आहेत, तसा बाजार बहुतेक शहरांत असतो.

एक सूचना. तुमच्या गाडीत मागच्या कोपऱ्यात ब्लाइंड स्पॉटचा रडार (आरशात न दिसणाऱ्या गाड्या टिपणारा) असेल तर त्याच्यासमोर धातूची जाळी, स्टेपल किंवा पुट्टीचा जाड थर नको. रिव्हर्स सेन्सर तर १ जुलै २०१९ नंतर तयार झालेल्या प्रत्येक गाडीत आहेत. त्यांच्या तोंडावर रंगाचे थर चढवलेत तर ते नीट काम करणार नाहीत.

स्प्रेबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ज्या कारणाने गोंद धरत नाही त्याच कारणाने रंगही धरत नाही. उघड्या पीपीवर आधी प्लॅस्टिकचं प्रायमर मारावं लागतं, नाहीतर वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने पापुद्रे निघतात. मेटॅलिक रंग असेल तर फरक दिसणारच.

राहता राहिला इन्शुरन्स. ‘देतच नाहीत’ हे खोटं. साध्या पॅकेज पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यापुढच्या गाडीला २००० रुपये सक्तीची वजावट. झिरो डेप, म्हणजे घसारा माफ करणारं जादा कव्हर, घेतलं असेल तर तो कापत नाहीत. फक्त थर्ड पार्टी असेल तर मात्र काहीच मिळत नाही. पण दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि तो दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. म्हणून वीतभर चिरेसाठी दावा न करणंच बरेचदा फायद्याचं, एवढ्यापुरतं व्हिडिओवाल्याचं निदान चुकून बरोबर आलंय. आतोबांनाही मी हेच सांगितलं: दावा नको, प्लॅस्टिक वेल्डिंगवाल्याकडे जा, तो मागून जोडून देईल. बंपर ज्यांच्यावर अडकतो ती लॉकंच तुटली असतील किंवा चीर सेन्सरच्या भोकातून गेली असेल, तर मात्र घरी हात लावू नका, बंपर बदला.