थांबणे हा केवळ मनोनिग्रहाचा प्रश्न नव्हे

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या मार्शमॅलो प्रयोगात मुलासमोर एक मार्शमॅलो, म्हणजे मऊ गोड गोळी, ठेवत आणि ती लगेच न खाता थांबल्यास दुसरीही मिळेल, असे सांगत. या प्रयोगाच्या आधारे लिहिलेल्या लेखात लेखकाने, दुसऱ्या गोळीसाठी न थांबणारे मूल मनाने कच्चे, असा जो निष्कर्ष काढला आहे, तो मला घाईचा वाटतो. २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी काही मुलांना आधी चांगले रंगसाहित्य आणून देण्याचे कबूल केले आणि मग रिकाम्या हाताने परत येऊन दिलगिरी व्यक्त केली. ही मुले पुढे गोळीसमोर सरासरी सुमारे ३ मिनिटेच थांबली, तर ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती सुमारे १२ मिनिटे थांबली. एकदा फसलेल्या मुलाने हातातले खाऊन टाकणे, निदान मला तरी, शहाणपणाचेच वाटते. मिशेल यांच्याकडील मुलेही डोळे झाकून, गाणी गुणगुणून वेळ काढत होती, म्हणजे तिथेही निव्वळ निग्रहापेक्षा युक्तीच अधिक होती.