‘गोळ्यांची उष्णता’ म्हणून जुलाब अंगावर काढू नका

किडनी प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतो : ‘जुलाब होतायत? गोळ्यांची उष्णता आहे. ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही. दोन दिवस सगळ्या गोळ्या बंद ठेवा, जुलाब थांबवायची गोळी घ्या, गुळवेलाचा काढा प्या. रक्तात व्हायरस सापडला नाही तर निश्चिंत राहा.’ हा सल्ला मिळालेली किडनी घालवू शकतो.

‘उष्णता’ : किडनी नाकारली जाऊ नये म्हणून घ्यायच्या मायकोफेनोलेट या औषधाने जुलाब होतात, मोठ्या आतड्याला सूजही येते, हे खरं. पण सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणूही हेच करतो. भारतात बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो आधीपासून दबा धरून असतो. प्रतिकारशक्ती दाबली गेली की उठतो आणि आतड्यात व्रण पाडतो. त्याला रोखणाऱ्या व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर या औषधाचा कोर्स संपल्यानंतरचे महिने विशेष जोखमीचे. पहिल्या कारणात डॉक्टर मायकोफेनोलेटचा डोस कमी करतात किंवा औषध बदलतात; दुसऱ्यात विषाणूवरचं औषध निदान दोन आठवडे चालतं. कारण न शोधता उपचार ठरणार कसा?

‘ताप नाही’ : गोळ्यांमधलं स्टेरॉइड ताप आणि पोटदुखी दोन्ही झाकू शकतं. आतड्याला भोक पडलं तरी पोट फारसं दुखत नाही, असंही होतं.

‘दोन दिवस बंद’ : सर्वांत घातक सल्ला हाच. जुलाबात औषध वाहून जात असेल असं वाटतं, पण टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी अनेकदा वाढते. निरोगी आतड्याचं अस्तर हे औषध बरंचसं तिथेच मोडतं. सुजलेल्या अस्तराला ते जमत नाही. त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं, म्हणून क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढतं. डोस कमी करायचा का, किती, हे पातळी तपासूनच ठरतं. सगळंच बंद केलं तर शरीर किडनी नाकारू शकतं.

‘रक्तात सापडला नाही’ : आजार आतड्यापुरता असेल तर रक्तात विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करून घेतलेल्या आतड्याच्या तुकड्यात मात्र विषाणू दिसू शकतो.

जुलाब थांबवायची गोळी परस्पर घेऊ नका. अँटिबायोटिकनंतर आतड्यात क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जिवाणू वाढला असेल, तर त्या गोळीने आतडं धोकादायक फुगू शकतं. आणि गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवतो म्हणून घेतात; इथे तर ती दाबून ठेवल्यामुळेच किडनी टिकली आहे.

जुलाब लागले की त्याच दिवशी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करा. किती वेळा झाले, रक्त पडलं का, अलीकडे कुठलं अँटिबायोटिक घेतलं, टॅक्रोलिमसची शेवटची पातळी किती होती, हे सांगा. ओआरएस किती घ्यायचं तेही तेव्हाच विचारून घ्या.