म्हणे जुन्या पेपरांत 'डोकं' चालायचं नाही!

आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तो मेसेज आला, त्याआधी तीन ग्रुपांवर येऊन गेलाय, तुमच्याकडेही आला असेल. म्हणणं असं, की जुने संपादक डोकं, तोंड असले बाजारू शब्द लिहीतच नसत, मस्तक आणि मुख लिहायचे. टिळकांनी एकदाच 'डोके' लिहिलं आणि त्यापायी 18 महिने आत गेले. आणि अवयवांचे हे सगळे वाक्प्रचार आपण इंग्रजांकडून उचललेत. खाली हात जोडलेले तीन इमोजी. पाठवणारे काका मला वडिलांच्या जागी, म्हणून तिथे गप्प बसलो, पण राहवत नाही.

आधी ते मस्तक घेऊ. टिळकांच्या केसरीच्या कपाळावर जो श्लोक असायचा त्याच्या मराठी रूपात 'कांतारजठरीं' असा शब्द आहे, म्हणजे रानाच्या पोटात, जठरात! आणि तोच पेपर 6 जुलै 1897 ला अग्रलेखाला मथळा देतो, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' म्हणजे संस्कृत जमत नव्हतं म्हणून डोके लिहिलं असं काही नाही, भरपूर जमत होतं. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड, त्याच्यावर गोळी झाडली गेली आणि सरकारने अख्ख्या पुण्याला धारेवर धरलं, त्यावर बोलायचं तर हाच शब्द पाहिजे. 'मस्तक स्थानावर आहे काय' असं लिहून बघा, डॉक्टरांचा रिपोर्ट वाटतो. माझी आई मेथीच्या जुडीचा भाव ऐकून भाजीवाल्याला 'डोकं ठिकाणावर आहे का रे तुझं' म्हणते ना, तोच सूर, फक्त समोर भाजीवाल्याऐवजी इंग्रज सरकार.

आता ती शिक्षा. इथे तर नुसत्या तारखा बघितल्या तरी पुरे. रँडवर गोळी झाडली 22 जूनला, डोक्याचा अग्रलेख 6 जुलैचा, आणि खटला ज्या मजकुरावर चालला तो 15 जूनच्या अंकातला, शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता आणि शिवजयंती उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत. अग्रलेखाचा सरकारला राग आला नसेल असं मी म्हणत नाही, पण आरोप त्यावर नव्हता. 18 महिन्यांचा आकडा मात्र बरोबर आहे, तेवढं श्रेय मेसेजवाल्याला.

राहिले इंग्रज. 'मुखपत्र' इंग्रजीवरून बेतला असेल तर असू दे, त्यासाठी भांडत नाही. पण बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला मूकनायक काढला तेव्हा वर काय छापलं? तुकोबांचा अभंग, 'काय करूं आतां धरूनिया भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥' तुकोबा सतराव्या शतकातले, त्यांना कुठला इंग्रज शिकवायला आला होता? आणि जागा बघा, आत कोपऱ्यात नाही, थेट पेपरच्या माथ्यावर 'तोंड'. पेपरचं नाव मूकनायक आणि खाली तोंड वाजवल्याची ओळ, याहून नेमकं काय लिहिणार होतं कोणी, 'मुखनाद केला' असं? बाकी मथळा हा शब्दच माथ्याच्या घरातला आहे, पण ते जाऊ द्या.

आणि हे सगळं नाशिककरांनी फॉरवर्ड करावं याचं मला जास्त हसू येतं. शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून गावाचं नाव नाशिक, ही गोष्ट पाहुण्यांना कौतुकाने सांगणारे आपण. गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदावरीतल्या मारुतीला द्विमुखी कोण म्हणतं, दुतोंड्याच म्हणतात, बातमीतही तसंच छापतात. पूर आला की क्युसेकचा आकडा पेपरात असतोच, पण लोक वाचतात ते पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं का कमरेला, आणि छातीपर्यंत म्हटलं की सराफ बाजारवाले माल वर चढवायला घेतात.

गेल्या पावसात याच काकांचा मला फोन आला होता, "कुठपर्यंत आलंय रे मारुतीला पाणी?" मी म्हटलं, कमरेपर्यंत. कटिप्रदेश म्हटलं असतं तर त्यांनी आधी माझंच डोकं ठिकाणावर आहे का विचारलं असतं.