‘आठ दिवस काय वाळूत लोळायला गेला होतात?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

अंदमानच्या सहलीच्या आखणीवर मी लिहिलेल्या लेखाखाली ‘भटका’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती अशी: “ताई, आठ दिवस जाऊन बारातांग नाही? मग काय वाळूत लोळायला गेला होतात? सूर्यास्ताची वेळ चुकीची दिली आहे. शेवटच्या दिवशी नीलहून बोट आणि त्याच दिवशी विमान, हे धोक्याचं आहे. खर्चाचा तक्ता नाही. घरी बसून आखणी सांगणं सोपं असतं.” (बारातांग म्हणजे अंदमानातलं चुनखडीच्या गुहांसाठी प्रसिद्ध बेट; नील हे तिथलंच आणखी एक बेट.)

आधी चूक कबूल करते. फार मोठी नाही, पण चूक ती चूक. हॅवलॉक बेटावरच्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त मी सहाचा लिहिला होता. डिसेंबरात तो पाचच्या सुमारास होतो. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं आणि अंदमान त्र्याण्णवच्या जवळ आहे, त्यामुळे तिथे दिवस आपल्या आधी उजाडतो नि आधी मावळतो. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ‘वाळूत लोळायला’. भटकेसाहेब, तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. अनोळखी बाईशी बोलायची ही रीत नव्हे. “बारातांग का वगळलं?” एवढं विचारलं असतं तर मी दोन ओळींत सांगितलं असतं. तुम्ही तसं विचारलं नाही, म्हणून सविस्तर सांगते.

बारातांग मी केलेलं आहे. 2012 साली, एका टूरबरोबर, सासूबाई आणि मामंजींना घेऊन. पाच रात्रींची सहल होती. पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात रात्री अडीचला दारावर थाप पडली, कारण जिरकाटांगच्या फाटकावर सकाळचा पहिला ताफा गाठायचा होता; तिथून पुढे राखीव जंगलाचा रस्ता, गाड्या ताफ्यानेच सुटायच्या. सासूबाईंचे गुडघे तेव्हाच गेलेले. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये त्या पाय लांब करायला जागा शोधत होत्या, आणि हातात पॅक नाश्त्याचा डबा, जो पहाटे तीनला कोणाच्याच घशाखाली उतरेना. ताफा सुटल्यावर मध्ये थांबायचं नाही, खाली उतरायचं नाही, फोटो काढायचा नाही. पुढे मिडल स्ट्रेटच्या खाडीवरची फेरीबोट, मग खारफुटीतून होडी, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत चाल. सासूबाई होडीच्या धक्क्यावरच बसून राहिल्या. त्यांनी गुहा पाहिलीच नाही. मामंजी त्यांच्यासाठी थांबले, म्हणजे त्यांनीही पाहिली नाही. परतीच्या ताफ्याची वेळ ठरलेली, त्यामुळे आम्ही पाहिली तीही पळतच.

आणि दुसरं. तो रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. ती काही शे माणसं आहेत, हे जंगल त्यांचं आहे. त्या भागातला रस्ता बंद करावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच दिला होता. आमचा ड्रायव्हर मात्र “खिडकीकडे लक्ष ठेवा, दिसतील” असं सांगत होता, आणि गाडीतली पोरं काचेला नाक लावून बसली होती. माणसं बघायला खिडकीला नाक लावायचं, हे मला तेव्हाही सहन झालं नाही. गुहा सुंदर असेल. त्या रस्त्याने मी पुन्हा जाणार नाही, आणि माझ्या लेखातून कोणाला पाठवणारही नाही. याला कोणी आळस म्हणत असेल तर म्हणो.

त्याच सहलीत राधानगरला आम्हाला चाळीस मिनिटं मिळाली होती. मामंजींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात दोन पावलं टाकली आणि टूरवाल्याची शिट्टी वाजली. पुढच्या वर्षी ते वारले. म्हणून 2023 च्या डिसेंबरात आईबाबांना घेऊन जाताना मी हॅवलॉकला तीन रात्री धरल्या (सरकारी नाव स्वराज द्वीप, तेही लेखात आहे). नीलला दोन, पोर्ट ब्लेअरला दोन.

तीन रात्रींत आम्ही काय केलं? आई राधानगरला रोज संध्याकाळी पाण्याच्या कडेला उभी राहायची. लाट मागे जाताना टाचेखालची वाळू ओढून नेते, पाय हळूहळू रुततो, आणि ती माझा दंड धरून हसायची. तिसऱ्या दिवशी तिने दंड सोडला. तुमच्या हिशोबात हे ‘काहीच नाही’मध्ये मोडत असेल. माझ्या हिशोबात त्याच्यासाठीच विमानाचं तिकीट काढलं होतं.

मोकळा वेळ लागतो याला आणखी एक साधं कारण आहे. नीलचा तो दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच नीट बघता येतो, आणि ओहोटी रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. आम्ही पोचलो त्या दुपारी भरती होती, खडक पाण्याखाली. बाबा देवगडचे. त्यांनी तिथी विचारली, बोटं मोजली आणि म्हणाले, “उद्या सकाळी सातला चला.” सातला पाणी इतकं मागे गेलं होतं की खडकांच्या खळग्यांत समुद्रकाकड्या आणि छोटे खेकडे दिसत होते. दुपारी पोचून संध्याकाळच्या बोटीने परतणाऱ्यांनी तिथे काय पाहिलं, तुम्हीच सांगा.

बोट आणि विमान एका दिवशी, या मुद्द्यावर एवढंच: मी तीनदा गेले, तिन्ही वेळा बोट वेळेत आली. ज्यांना काळजी वाटते त्यांनी शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला काढावी, त्यात काही कठीण नाही. खर्चाचं म्हणाल तर तिकिटांचे दर रोज बदलतात, तक्ता देऊन लोकांची दिशाभूल मी करणार नाही.

“घरी बसून” हे मात्र लागलं. सेल्युलर जेलवर मी चारच ओळी लिहिल्या, कारण लिहवेना. बाबा निवृत्त मराठीचे शिक्षक. सावरकरांच्या कोठडीपर्यंतचे जिने ते एक-एक पायरी थांबत चढले. सात इमारतींपैकी आता तीन उरल्या आहेत, आणि प्रत्येकीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. बाबाराव आणि तात्याराव सावरकर, सख्खे भाऊ, एकाच तुरुंगात असून बराच काळ भेटू शकत नव्हते. हे बाबांनी वर्गात तीस वर्षं शिकवलं होतं. त्या दिवशी कोठडीच्या गजाला हात लावून उभे राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. आम्ही तिथे पूर्ण सकाळ घालवली. बारातांगला गेलो असतो तर ती सकाळ मिळाली नसती.

तुम्ही गेला असाल तर तुमची आखणी जरूर लिहा, मी वाचेन. फक्त जरा बऱ्या सुरात लिहा.

आईला पुन्हा जायचं आहे. या वेळी नीलला तीन रात्री धरते आहे.