गहू-दूध बंद केलं की स्वमग्न मूल रात्रभर झोपतं म्हणे!

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. मध्यरात्र उलटल्याशिवाय त्याचा डोळा लागत नाही आणि लागला तरी पहाटेच्या आत तो उठून बसतो. तिला कोणीतरी एक फॉरवर्ड पाठवला. तिने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, सोमवारपासून सुरू करते." एरवी असले मजकूर मी न वाचता उडवते. हा मात्र वाचला आणि डोकंच फिरलं.

मजकूर थोडक्यात असा: गहू आणि दूध यांची स्वमग्न मुलांच्या पोटात अफू होते, ती मेंदूत जाते आणि झोप उडवते. दोन्ही बंद करा, एकवीस दिवसांत मूल रात्रभर झोपेल. सुरुवातीला ते किंचाळेल, जेवणार नाही, आणखी कमी झोपेल; ते 'विष बाहेर पडतंय' याचं लक्षण, माघार घेऊ नका. साखरही बंद. तोवर झोपेसाठी मेलाटोनिनच्या (शरीरात झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक) चघळायच्या गोळ्या द्या, त्या 'नैसर्गिक' असल्याने अपाय नाही.

आधी अफू. ही कल्पना फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोक्यातून आलेली नाही. याक पँकसेप या मेंदूशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये स्वमग्नता आणि मेंदूतली अफूसदृश रसायनं यांचा संबंध असावा अशी अटकळ मांडली होती. पुढे तिला ग्लुटेन आणि केसीन, म्हणजे गव्हातलं आणि दुधातलं प्रथिन, चिकटवलं गेलं: ती अर्धवट पचतात, त्यांचे तुकडे आतड्यातून रक्तात झिरपतात, वगैरे. तसं असेल तर ते तुकडे लघवीत दिसायला हवेत. २००८ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी स्वमग्न मुलग्यांची आणि इतर मुलग्यांची लघवी तपासून पाहिली. अफूसदृश तुकडे ना यांच्यात सापडले, ना त्यांच्यात. आणि अफूने माणूस गुंगतो की टक्क जागा राहतो, एवढा तरी विचार करायचा!

आता एकवीस दिवसांचा चमत्कार. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात सुझन हायमन आणि सहकाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट तपासली. तीन ते पाच वर्षांची १४ स्वमग्न मुलं. आधी चार ते सहा आठवडे सगळ्यांचं गहू-दूध बंद. मग पथ्य चालू ठेवूनच बारा आठवडे, दर आठवड्याला एक खाऊ: कधी ग्लुटेन घातलेला, कधी केसीन, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. कोणत्या खाऊत काय आहे हे ना आईबापांना ठाऊक, ना निरीक्षकांना. झोप, शौचाची तक्रार, वागणूक, स्वमग्नतेची लक्षणं, कशातही दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. मुलं थोडी होती, हे संशोधकांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पण फॉरवर्डमध्ये पुरावा म्हणून आहे काय? 'एका आईचा अनुभव.' त्या आईवर माझा अविश्वास नाही. पण पथ्य सुरू होतं तेव्हा घरात बाकीचंही बदलतं: जेवणाच्या वेळा बांधल्या जातात, रात्रीचा मोबाइल सुटतो, सगळ्यांचं लक्ष मुलाकडे लागतं. शिवाय या मुलांची झोप तशीही काही आठवडे बरी, काही आठवडे वाईट अशी चालते. श्रेय मात्र गव्हाला.

माझा खरा राग आहे तो 'विष बाहेर पडतंय' या वाक्यावर. किती सोयीचं आहे बघा! मूल झोपलं तर पथ्य लागू पडलं. नाही झोपलं तर विष निघतंय. महिन्यानंतरही नाही झोपलं तर तुम्हीच कुठेतरी चोरून बिस्किट दिलं असणार. पथ्य चुकीचं ठरेल अशी जागाच ठेवलेली नाही, आणि दोष शेवटी आईच्या पदरात.

मुलाचं काय होतं ते तर विचारूच नका. पुष्कळ स्वमग्न मुलं मोजकेच पदार्थ खातात. विशिष्ट रंग, विशिष्ट पोत, त्याच पाकिटातलं तेच. त्या चार-पाच पदार्थांतले गहू आणि दूध काढले तर ताटात उरतं काय? ज्याला शब्दांत सांगता येत नाही असं मूल भूक लागल्यावर रडणार, किंचाळणार, रात्री उठणार. दुसरं करणार काय? आणि फॉरवर्ड आईला सांगतो, हे बघून घाबरू नका. उपाशी पोराचं रडणं हे सुधारणेचं लक्षण म्हणून वाचायला शिकवणारा माणूस मला भेटायला हवा एकदा.

हे नुसतं मनाला लागणारं नाही, अंगालाही बाधतं. स्वमग्न मुलांच्या आहारात कॅल्शियम आणि प्रथिनं मुळातच इतर मुलांपेक्षा कमी पडतात, असं २०१३ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा दिसलं. २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात चार ते आठ वर्षांच्या स्वमग्न मुलग्यांच्या हाडांची जाडी कमी भरली, आणि केसीन बंद असलेल्यांची आणखी कमी. फारच मोजकं खाणाऱ्या स्वमग्न मुलांना क जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही झाल्याच्या, मूल चालेनासं झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आणि लोह कमी पडलं तर पाय वळवळतात, झोप तुटते. म्हणजे झोपेसाठी केलेलं पथ्य झोपेवरच उलटायचं.

एक मात्र नाइलाजाने मान्य करते. बद्धकोष्ठता, पोटदुखी, छातीत जळजळ या तक्रारी स्वमग्न मुलांमध्ये जास्त दिसतात आणि त्यांनी झोपमोड होते. एखाद्या मुलाला खरोखर सिलिअ‍ॅक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) असेल, दुधाची अ‍ॅलर्जी असेल, दूध पचत नसेल, तर ते बंद केल्यावर त्याला बरं वाटेलच. कोणत्याही मुलाला वाटेल. पण ते तपासून ठरवायचं. आणि सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच करावी लागते. आधीच बंद केला तर रोग असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. हे त्या लांबलचक मजकुरात कुठेच नाही.

साखर? साखरेने मुलं बेफाम होतात हा समज १९९५ मध्येच अनेक चाचण्या एकत्र तपासून खोटा ठरलाय. दातांसाठी कमी करा. संध्याकाळी कोला, चॉकलेट नको हे बरोबर, पण ते कॅफिनमुळे.

राहिलं मेलाटोनिन. गंमत अशी की सगळ्या फॉरवर्डमध्ये पुरावा असलेली हीच एक गोष्ट, आणि तीही उलटी सांगितलेली. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये स्वमग्न मुलांच्या झोपेवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातला क्रम असा: आधी झोप बिघडवणारं दुसरं काही, एखादा आजार किंवा चालू असलेलं औषध, आहे का ते बघा. मग सवयी: उठण्याची वेळ पक्की, झोपण्याआधीचा क्रम रोज तोच (चित्रांचा तक्ता लावला तर उत्तम), आणि मूल प्रत्यक्षात ज्या वेळी झोपतं तिथून सुरुवात करून अंथरुणाची वेळ हळूहळू अलीकडे आणणं. एवढ्याने भागलं नाही तर मेलाटोनिन, तेही एक ते तीन मिलिग्रॅमपासून, झोपेआधी अर्धा ते एक तास. चघळायच्या गोळ्यांचं म्हणाल, तर २०२३ मध्ये अमेरिकेत अशी २५ उत्पादनं तपासली, त्यातल्या २२ वरचं लेबल चुकीचं निघालं आणि एकात मेलाटोनिन मुळीच नव्हतं. म्हणून बहिणीला सांगितलंय, गोळी द्यायचीच असेल तर कोणती, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून लिहून घे. आणि लोहाची आणि सिलिअ‍ॅकची तपासणी त्याच भेटीत विचार, गहू चालू आहे तोवर.