भिंत सामायिक आहे

कॅनव्हास मागितला की दुकानदार आधी इयत्ता विचारतो, हे ज्ञान मला काल कुडाळच्या बाजारात झालं.

"कितवीत आहे?"

"कोण?"

"मूल."

"मलाच हवाय."

त्याने मला चष्म्याच्या वरून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "म्हणजे तुमची एलिमेंटरी राहिली होती का? त्याला कॅनव्हास चालत नाही हां, ड्रॉइंग पेपरच लागतो."

चतुर्थीच्या आधी घराला रंग काढला, त्यात हॉलची एक भिंत पांढरीफटक आणि उघडी राहिली. तयार चित्र आणावं तर बाजारात एक तर डोळे मिटलेला बुद्ध, नाही तर वास्तुशास्त्रवाले सात घोडे. म्हटलं, आपणच काढू. इथवर सगळं सोपं होतं. काय काढायचं, हे ठरवताना रात्री जाऊ लागल्या. कॅनव्हासवर पातळ रंग ओतून तो तिरपा तिरपा करायचा, त्याला फ्लुइड आर्ट म्हणतात. व्हिडिओतली बाई म्हणते, एका दिवसात वाळतं. ती बाई बहुतेक जैसलमेरला राहते. आमच्याकडे श्रावणात टॉवेल वाळत नाही, तो रंग काय वाळणार? तेलरंगाचं तर नावच नको, ते कोरड्या हवेतही दिवसच्या दिवस घेतात, इथे त्यांच्याआधी बुरशी येऊन सही करून जाईल. आकडे टाकलेला कॅनव्हास मिळतो, चार नंबरच्या घरात चार नंबरचा रंग भरायचा. पण तो म्हणजे चित्रकला नव्हे, फॉर्म भरणं.

मग आपल्या मातीतलं काही घ्यावं म्हणून पिंगुळीची चित्रकथी डोक्यात आली. पिंगुळी इथून हाकेच्या अंतरावर, आणि तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाल्यापासून तिची नक्कल करायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण ती कला सुट्ट्या कागदांच्या पोथीची. एकेक पान पुढे धरायचं आणि गाऊन गोष्ट सांगायची. त्यातलं एकच पान भिंतीवर लावलं की सीता कायमची पळवलेलीच राहते, पुढचं पान यायचं नाव नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेतला एखादा गोल पत्ता मोठा करून काढावा, तर 120 पत्त्यांतून निवड करा. मी मत्स्यावताराशी येऊन थांबले. समोरच जेवणाचं टेबल. वर मत्स्यावतार आणि खाली ताटात बांगडा, हे मला झेपेना.

तेव्हा शेवटी साधा समुद्र. मास्किंग टेप लावायची, निळ्या-पांढऱ्या ॲक्रिलिकचे आडवे पट्टे मारायचे, टेप ओढून काढायची. हे मी दुकानदाराला सांगत होते आणि झेरॉक्सच्या मशीनशेजारी स्टुलावर बसलेले एक आजोबा ऐकत होते.

त्यांच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दुसरी पिशवी, तिला सायकलच्या ट्यूबचं रबर, आणि आत सातबारा, घडीवर फाटलेला, खाकी टेपने सांधलेला. मशीन गरम व्हायची वाट बघत होते.

"कसला चित्र काढतलंस गे?"

"समुद्र."

"समुद्र? तो भिंतीर टांगूक कित्याक व्हयो? एसटीत बस, मालवणाक जा, बघून ये."

मी हसले. चूक तिथेच झाली असं आता मी म्हणणार नाही, न हसते तरी ते थांबले नसते. त्यांनी उठून काउंटरवरचा कॅनव्हास घेतला, बोटांनी ठकठक वाजवला आणि छत्रीच्या पाण्याने ओला झालेला अंगठा मधोमध दाबला. त्यांचे आजोबा गणपतीच्या मागची भिंत स्वतः रंगवीत म्हणे, दरवर्षी नवं चित्र. कापडावर कशाला? हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून मला जास्तच राग आला.

"घर कोणाच्या नावार आसा?"

"सासऱ्यांच्या. ते वारले."

"झील किती?"

"मुलगे तिघे."

आजोबा परत स्टुलावर टेकले. चेहऱ्यावर डॉक्टरला रोग सापडल्याचं समाधान. "मगे भिंत सामायिक. सामायिक भिंतीक खिळो मारूचो नाय. आज खिळो मारतलंस, फाल्या म्हणतले, हिणा ताबो घेतल्यान."

मी म्हटलं, आजोबा, चिऱ्याची भिंत आहे, खिळा बसतच नाही, ड्रिल मारावं लागतं. हे ऐकून ते उभेच राहिले. ड्रिल म्हणजे पक्कं बांधकाम! मग त्यांच्या चुलत्यांनी पडवीत मारलेल्या खुंटीची हकीकत सुरू झाली. खुंटीवर आधी इरलं, मग कंदील, मग पंचनामा. दुकानदार झेरॉक्स काढायचा थांबला. ज्वालामुखीचा चार्ट घ्यायला आलेली शाळकरी मुलगीसुद्धा वही मिटून ऐकू लागली. माझ्या चित्राबद्दल आता कोणालाच काही पडलं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर मला इयत्ताच जास्त झोंबली. पुरुषाने साठीत पेटी शिकायला घेतली की गाव म्हणतो, बघा काय हौस आहे. चाळिशी उलटलेल्या बाईने ब्रश मागितला की मूल कितवीत? मला वाईट चित्र काढायचंय. माझ्या पैशाने, माझ्या हॉलसाठी. त्याला इतके परवाने?

अंगठ्याचा डाग पडलेलाच कॅनव्हास घेतला, अठरा बाय चोवीस. दुकानदाराने "परीक्षेला शुभेच्छा" म्हणून पेन्सिल फुकट दिली.

रात्री हे सगळं नवऱ्याला रंगवून सांगितलं. तो पोट धरून हसला आणि मग गंभीर होऊन म्हणाला, "तरी खिळ्याचं दादाला विचारून घेऊ या." घरच्या ग्रुपवर विचारलंही. डोंबिवलीहून मोठ्या जाऊबाईंचं उत्तर लगेच आलं: भिंत रिकामी आहे ते बरंच झालं, मामंजींचा फोटो मोठा करून लावू, हल्ली कॅनव्हासवर छान छापून मिळतो. खाली सहा जणांचे नमस्कार. आणि पाठोपाठ विचारणा, तुझ्याकडे कॅनव्हास आहेच ना, साईज काय आहे?