मोबाईल चालवता येतो, पण वाचता येतं का?

चहाच्या टपरीवर वादाला तोंड फुटलं ते अण्णांच्या कौतुकानं. "नातू दुसरीत आहे, पण मोबाईल माझ्यापेक्षा झकास चालवतो!"

गुरुजींनी चहाचा ग्लास खाली ठेवला. जिल्हा परिषद शाळेत चौथीचा वर्ग आहे त्यांच्याकडे. "हवं ते शोधतो कसं? टाइप करून?"

"छे, माइक दाबतो न् बोलतो."

"तिथंच तर मेख आहे, अण्णा. बोललं की व्हिडिओ लागतो, तो संपला की पुढचा आपोआप सुरू. तासभर मोबाईल हातात, पण एक ओळ वाचायची वेळ येत नाही."

मला हे शंभर टक्के पटलं. 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालातले आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. ग्रामीण भारतात १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, आणि तिसरीतल्या जेमतेम २७ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. वाचता न येणाऱ्या पोराला खरी माहिती कुठली, थाप कुठली, हे कळणार कसं?

मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेले बापू उसळले. "म्हणजे फोनच वाईट? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळवलं. ते विसरलात?"

"नाही विसरलो," गुरुजी म्हणाले. "पण तो कोड पुस्तकाच्या पानावर होता, बापू! पोरगं आधी पान उघडायचं."

"बरं, मग स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट घ्या. मराठी गोष्टी, चित्रांसकट, वाचनपातळीप्रमाणे लावलेल्या, आणि फुकट. फोनवरच वाचायच्या ना?"

यावर गुरुजी लगेच राजी झाले. वर्गात ते स्वतः तेच करतात: गोष्ट मोठ्या पडद्यावर लावायची, आवाज बंद ठेवायचा आणि मुलांकडून ओळ ओळ वाचून घ्यायची. "आवाज चालू केला की डोळे चित्रावर जातात, अक्षरं राहतात बाजूला," ते म्हणाले.

अण्णांनी मोहित्यांच्या वडगावचा विषय काढला. सांगली जिल्ह्यातल्या या गावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. "आपणही लावूया की भोंगा!"

"आणि तुमची सातची मालिका?" बापूंनी विचारलं. अण्णा गप्प. पण प्रश्न रास्तच होता. घरातली मोठी माणसं फोनमध्ये मान घालून बसली, तर पोरानं एकट्यानं पुस्तक का उघडावं?

मग माझा मुद्दा मी मांडला. आपल्या शाळेत गोष्टीची पुस्तकं आहेत, पण कपाटाला कुलूप. फाटली तर हिशेब कोण देणार, या धास्तीनं ती हातातच पडत नाहीत. अरे, फाटू देत! चौथीतल्या पोरांच्या हाताळण्यानं पुस्तक फाटलं, तर ते वाचलं गेलं म्हणायचं.

गुरुजी म्हणाले, "शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून घ्या. दर शनिवारी पुस्तकं घरी न्यायला देतो."

समितीवर बापू आहेत. त्यांनी होकार दिला, पण अट घातली: अण्णांनी रोज नातवाकडून एक पान मोठ्यानं वाचून घ्यायचं. वेळेवरून दोघांची जुंपली ती टपरी बंद होईपर्यंत.